कडुलिंबावरचा पाहुणा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती गोदावरी खुशालराव बोंडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार जुने शहर, अकोला.

हे सर्व मी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहीत आहे. वकिलांनी छापील नमुना आणून दिला होता. त्यात "मानवी जीवन हे क्षणभंगुर असून" असे एक वाक्य होते. त्यावर काट मारून मी तो परत केला. चौऱ्याहत्तर वर्षे जगलेल्या बाईच्या तोंडी ते शोभत नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. नजर चष्म्यासकट चांगली आहे. कानाला थोडे कमी ऐकू येते, पण जे ऐकायचे ते ऐकू येते. हे लिही म्हणून मला कोणी धाक घातलेला नाही. लिहू नको म्हणून मात्र घालून झाला आहे, त्याचा उल्लेख माझा पुतण्या किशोर याच्या कलमात येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे करायला वेळ मिळेल असे दिसत नाही.

घरदार कोणाला द्यायचे एवढ्यासाठी मी कागद खराब केला नसता. माझे यजमान खुशालराव यांच्या अस्थी अमरावती येथे श्रीमती इंदूबाई किसनराव खंडारे यांच्या आवारात पिंपळाखाली पुरलेल्या आहेत. त्या तेथून कोणीही उकरून काढू नयेत आणि माझ्याही अस्थी त्यांच्याशेजारीच ठेवाव्यात, एवढे माझे मागणे आहे. बाकीची कलमे त्या मागणीच्या राखणीला बसवली आहेत.

कलम पहिले. बोंड्यांचा माणूस खंडाऱ्यांच्या आवारात कसा गेला, हे नीट सांगते, म्हणजे माझ्यामागे कोणी आपल्या मनाचे जोडणार नाही.

खुशालराव यांचे कुलपे, कब्जे, कडी-कोयंड्यांचे दुकान होते. जुन्या शहरातल्या कितीतरी दारांच्या कड्या त्यांनी हाताने बसवल्या. संध्याकाळी दुकान बंद करून आले की फाटक उघडे असले तरी बाहेर उभे राहून कडी तीनदा वाजवायचे, मग खाकरायचे आणि मग विचारायचे, "गोदे, कडी बसते काय बरोबर?" मी आतून म्हणायची, "बसते. या आता." ते म्हणायचे, "बसते तं मंग ढिली कावून वाजते?" लग्न झाल्यापासून रोज हेच. मला त्याचा वैताग यायचा.

सन दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात ते दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. कोणत्या आजाराने ते लिहायची गरज नाही, त्या उन्हाळ्यात एकच आजार होता. तोंड पाहू दिले नाही. अग्नी कोणी दिला ते कळले नाही. आम्हा नातेवाइकांना दोरीच्या अलीकडे उन्हात उभे केले होते. नंतर एके सकाळी बोलावणे आले, तेव्हा पांढऱ्या फडक्यांत बांधलेली गाठोडी ओळीने मातीत ठेवलेली होती. एक माणूस नाव पुकारत होता, दुसरा गाठोडे सरकवत होता. "बोंडे" म्हटल्यावर मी पदर पुढे केला. त्यात जे पडले ते घेऊन आले.

आपल्याकडे अस्थी घरात नेत नाहीत. अंगणातल्या झाडाला टांगतात आणि टांगताना सांगतात, "इथंच थांबा, न्यायला येतो." न सांगितले तर गेलेल्याला कळत नाही कुठे थांबायचे आणि तो फिरत राहतो, असे माझी आई सांगायची. ती शेंदूरजनाघाटची. तिच्या सांगण्यातले निम्मे मी शाळेत खोटे म्हणून शिकवले. पण त्या दिवशी मी कडुलिंबाच्या खालच्या फांदीला गाठोडे बांधले आणि मोठ्याने म्हटले, "इथंच थांबा जी. कुठं जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुधाने धुण्यासाठी गाठ सोडली. राखेत दीड वीत लांब लोखंडी रॉड होता. मोडलेल्या मांडीत डॉक्टर टाकतात तो. त्याच्या एका टोकाच्या भोकात स्क्रू तसाच अडकलेला होता.

खुशालराव यांच्या पायात आयुष्यात बाभळीच्या काट्याखेरीज काही गेले नव्हते.

मी गाठोडे बांधून तशीच परत स्मशानात गेले. तिथला माणूस माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आजी, आता कोन कोनाचं सांगू? नेऊन सोडा कुठंबी. राखीले काय नाव असते काय?" मी त्याला म्हटले, "बाबा, जित्या माणसाला त्याचे नाव विचारता येते. मेलेल्याचे नाव ज्याच्या हातात सोपवले त्याने धरून ठेवायचे असते." तो बिचारा कित्येक दिवस घरी गेलेला नव्हता, डोळे लाल होते. माझा राग त्याच्यावर नाही. त्याला एकट्याला तिथे टाकून जे पंख्याखाली बसले होते, त्यांच्यावर आहे. आणि आम्हा सगळ्यांवर आहे, कारण माणूस मेल्याबरोबर आम्ही त्याला विटाळ समजलो, चार हात लांब उभे राहिलो आणि जे सरकवले ते निमूट उचलले. माझ्यासारख्या कितीजणींनी गाठच सोडली नसेल. त्यांच्या घरी कोण टांगले होते, हे त्यांना कधी कळायचे नाही.

कलम दुसरे. पाहुण्याविषयी.

गाठोडे मी परत त्याच फांदीला बांधले. दुसऱ्याचा माणूस, मी नदीत कशी सोडू? माझा माणूस कोणाकडे तरी असाच गेला असेल. त्या घरच्यांनी त्याचे काय करावे असे मला वाटत होते, ते मी याचे करायचे ठरवले. नाव ठाऊक नव्हते म्हणून पाहुणा म्हणू लागले.

रोज संध्याकाळी झाडाखाली दिवा लावत गेले. पावसाळ्यात वरून मेणकापड बांधले. आणि त्याच पावसाळ्यात पाऊल वाजायला लागले.

हे वाचून किशोर कोर्टात म्हणेल की म्हातारीला भ्रम झाला होता. म्हणून काय ऐकले तेवढेच लिहिते. दिवेलागणीला अंगणात एक पाय टेकल्याचा आवाज येई आणि मागून दुसरा ओढल्याचा. टेकला, ओढला. टेकला, ओढला. झाडापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून ओट्यापर्यंत. ओट्याशी येऊन थांबे. वर कधी चढला नाही. परक्या घरी आलेला सभ्य माणूस जसा न बोलावता आत येत नाही, तसा. सकाळी मी अंगण झाडून सडा टाकायची, त्यावर दुसऱ्या सकाळी ओढल्याची रेघ असायची. पाऊल नाही, फक्त रेघ.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी घरात जाऊन दार लावून रडले. भीतीने नव्हे, किंवा असेल थोडे भीतीनेही. पण जास्त करून यासाठी की ज्याचे पाऊल ऐकायला जीव टाकला होता, त्याचे हे नव्हते. परक्या घराण्याचा माणूस माझ्या अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि माझा कोणाच्या अंगणात होता कोण जाणे.

पितृपक्षात मी त्याच्यासाठी पान वाढले. वडे, कढी, खीर, सगळे रीतसर. कावळा कुंपणावर बसून पाहत राहिला, शिवला नाही. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी माझे गुडघे दुखत होते म्हणून घरात होती ती ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा ओट्यावर ठेवला आणि म्हटले, "आज एवढंच आहे, रागावू नका." मी पाठ वळवायच्या आत कावळ्याने भाकर उचलली.

वरच्या खोलीत माझे भाडेकरू श्री. नागसेन सिरसाट राहतात. महाविद्यालयात विज्ञान शिकवतात. त्यांना खोली दिली तेव्हा गल्लीतल्या दोन घरांनी माझ्याकडे हळदीकुंकवाला येणे बंद केले होते. मी म्हटले, कुंकवाचा खर्च वाचला. तर नागसेन यांनीही ते पाऊल ऐकले. मला म्हणाले, "बाई, मी सायन्सचा माणूस आहे, मले काही विचारू नका." पण दुसऱ्या दिवसापासून ते आपली मोटारसायकल विहिरीच्या वाटेत लावीनासे झाले.

कलम तिसरे. ओळख कशी पटली.

भेटेल त्याला मी विचारत असे, "पायात रॉड असलेला तुमचा कोणी त्या उन्हाळ्यात गेला काय?" लग्नात विचारले, तेरवीत विचारले, बसस्थानकावर विचारले. लोक मला टाळू लागले. किशोर म्हणाला, "काकू, लोकं हासून राहिले आपल्यावर." हसोत बापडे.

मागच्या वैशाखात नागसेन अमरावतीला एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत त्यांनी सहज हीच गोष्ट काढली. समोर बसलेली मुलगी ताट तसेच ठेवून उठली. ती नीलम खंडारे. तिच्या वडिलांना, किसनराव यांना, अमरावतीत दवाखान्यात जागा मिळाली नाही म्हणून अकोल्याला आणले होते. ते वीज मंडळात होते आणि खांबावरून पडून त्यांची मांडी मोडली होती. तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे.

चार दिवसांनी नीलम तिच्या आईला, इंदूबाईंना, घेऊन माझ्याकडे आली. मी रॉड दाखवला. इंदूबाईंनी तो हातात घेतला, पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, आमाले जे भेटलं त्याच्यात रॉड नव्हता. मले तवाच समजलं होतं. पन लेकीले सांगतलं नाई. तिले काय सांगू, तुहा बाप हरपला म्हनून?"

त्यांनी ते गाठोडे फेकले नव्हते. त्यांच्याकडे नदीत सोडत नाहीत. आवारात पुरून वर पिंपळाचे रोप लावले. दर पौर्णिमेला तिथे मेणबत्ती लावून वंदना घेतात. माहीत असून घेत होत्या की तो आपला नाही. मी विचारले, "का हो?" तर म्हणाल्या, "कोनाचा तरी हायेच ना? आमच्या दारात आला. त्याले कोन पाहील मंग?"

मी जे चार वर्षे उराशी धरून बसले होते, तेच ही बाई अमरावतीत बसून करत होती. मी तिचा हात धरला. मग त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "बाई, तुमाले एक विचारू काय? आमच्या घरी दिवेलागनीले फाटकाची कडी वाजते. तीन डाव. मंग कोनी खाकरते. बाहेर पाह्यलं तं कोनी नाई. आमचे हे कडीले कधी हातच लावत नव्हते, आल्याबरोबर आवाज द्याचे, इंदू, पानी दे."

तीनदा कडी वाजवणे आणि खाकरणे कोणाचे, ते मी त्यांना सांगितले. नीलमने पाणी दिले.

मी त्यांना दुसरे विचारले, "किसनरावांना गोड चालत होते का?" इंदूबाई म्हणाल्या, "गोडाले हातबी लावत नव्हते जी. भाकर अन् ठेचा देला का झालं." तीन पितृपक्षांची खीर माझ्या डोळ्यांपुढून गेली.

कलम चौथे. किसनराव यांना मी त्यांच्या घरच्यांच्या स्वाधीन केले आहे, याची नोंद असावी.

इंदूबाईंचा निर्णय असा झाला की खुशालराव यांना हलवू नये. "इतके वर्स आमच्या दारात राह्यले, आता आमचेच झाले. यायलेबी बाजूलेच ठेवतो. दोघं बोलत बसतीन." मला ते पटले. मेलेल्या माणसाला एकदा मातीने घेतले की आपली हौस फिटावी म्हणून त्याची जागा बदलत बसू नये.

पावसाळा सरून दिवाळी झाल्यावर त्या न्यायला आल्या. गाठोडे फांदीवरून सुटेना. पाच पावसांत गाठीचे फडके सालीत रुतून फांदी त्याच्याभोवती वाढली होती. नागसेन करवत घेऊन आले. मी नको म्हटले. चार वर्षांपूर्वी मीच त्यांना थांबा म्हणून सांगितले होते, ते माझ्या शब्दाला धरून थांबले होते. मी झाडाशी जाऊन म्हटले, "घरचे आले जी तुमचे. चला आता." इंदूबाईंनी फांदीला हात लावून म्हटले, "चला, नीलमचे बाबा." नागसेन साक्षीला आहेत, गाठ आपोआप ढिली पडली आणि गाठोडे नीलमच्या ओंजळीत आले. ती म्हणाली, "आई, गरम लागून राहिलं." मीही हात लावून पाहिला. ऊन नव्हते, आभाळ भरलेले होते. गरम होते.

त्या संध्याकाळपासून अंगणात पाऊल वाजलेले नाही.

कलम पाचवे. माझ्या देहाची व्यवस्था.

मला अकोल्यातच अग्नी द्यावा. नागसेन सिरसाट यांनी द्यावा. बाईला अग्नी कोणी द्यावा याबद्दल ज्यांची मते असतील त्यांनी ती माझ्या तेरवीला वाढून घ्यावीत. तेरवी करायची नाही.

चितेवर माझ्या उजव्या हातात खुशालराव यांच्या दुकानाची जुनी लोखंडी किल्ली ठेवावी. ती माझ्या उशाशी आहे. ज्या अस्थींत ती किल्ली सापडेल त्या माझ्या, ज्यात सापडणार नाही त्या माझ्या नव्हेत. आपल्या लोकांच्या नाव धरून ठेवण्यावर माझा आता भरवसा नाही, म्हणून ही सोय.

माझे म्हणून परके गाठोडे मिळाले, तर ते परत सरकवू नये. घरी आणावे, कडुलिंबाला टांगावे, दिवा लावावा आणि शोध घ्यावा.

किल्लीसकट माझ्या अस्थी अमरावतीला नेऊन पिंपळाखाली ठेवाव्यात. इंदूबाईंची व नीलमची लेखी संमती सोबत जोडली आहे. इंदूबाईंना सही करताना मी विचारले, "तुमच्या लोकांना चालेल का?" त्या म्हणाल्या, "माह्या लोकाईचं मी पाहीन. तुमच्या लोकाईचं तुमी पाहा." ते पुढच्या कलमात पाहते.

कलम सहावे. किशोर, माझ्या दिरांचा मुलगा, याविषयी.

किशोर लहानपणी दुकानात बसायचा आणि खुशालराव यांचा त्याच्यावर जीव होता, म्हणून दुकानाचा गाळा, त्यातला माल व यजमानांची हत्यारे, हातोड्या, कानशी, पाने, सर्व त्याला देते. एक मोठे पितळी कुलूपही देते. त्याची किल्ली हरवलेली आहे. खुशालराव म्हणायचे, ज्याला धीर आहे त्याच्या हातून ते उघडेल.

आता दुसरी बाजू. अमरावतीचे कळल्यावर किशोर माझ्या ओट्यावर येऊन ओरडला, "बोंड्याचा मानूस खंडाऱ्याच्या पिंपळाखाली? काकू, तुले काही वाटते काय? उद्या जेसीबी नेतो अन् काढून आनतो काकाले. कौंडण्यपूरले नदीत सोडतो, मोकळं होते." मी विचारले, "चार वर्षांपूर्वी काय म्हणाला होतास? 'राखच तं हाये, टाक कुठंबी.' तेव्हा राख होती, आता काका कशी झाली?" तो ओट्यावरून उतरला. मग म्हणाला, "असलं काही कागदावर लिहू नको, नाही तं तू मेल्यावर पाहू."

तर पाहा. किशोरने किंवा त्याच्या वतीने कोणीही तो पिंपळ तोडला, तिथली माती उकरली, खंडारे कुटुंबाला त्रास दिला किंवा माझ्या अस्थी तिथे ठेवण्यात आडकाठी केली, तर गाळ्यावरचा त्याचा हक्क त्याच दिवशी संपेल आणि गाळा नीलमला जाईल. किशोर, तुला वाटते की तुझा काका तिथे बाटला. अरे, तू त्याला विसरला होतास त्या चार वर्षांत त्या बाईने, तो आपला नाही हे माहीत असून, दर पौर्णिमेला त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. गेलेल्याची जात विचारायची नसते. त्याला कोणी पाहणारे आहे की नाही, एवढेच विचारायचे असते. हे तुला शाळेत मी शिकवायला हवे होते, पण तू माझ्या शाळेत नव्हतास.

कलम सातवे. राहते घर माझ्या नावावर आहे. ते, अंगण, विहीर व कडुलिंबासह, नागसेन सिरसाट यांना देते. अट एकच. आता लोक फ्लॅटमध्ये राहतात, त्यांना झाड नसते. अस्थी आणल्या की जिन्यात, विजेच्या मीटरला, स्कूटरच्या हँडलला अडकवतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याला झाड नाही त्याला या कडुलिंबाची फांदी द्यावी. जात, धर्म, गल्ली विचारू नये. नेणारा येईपर्यंत ठेवावे. नेणारा आलाच नाही, तर वर्षभर वाट पाहून, ज्या रीतीने त्याचे घरचे करत असतील असे वाटेल, त्या रीतीने पोचवावे. आणि दिवा लावावा. नागसेन, तुम्ही सायन्सचे माणूस आहात, दिव्याला सायन्सची हरकत नसते.

शेंदूरजनाघाटला माझ्या भावाच्या वाडीत दोन संत्र्यांची झाडे माझ्या नावाची आहेत. माझ्या भावाने दर बहराला त्यांची फळे इंदूबाईंकडे पोचवावीत. माझी चांदीची जोडवी नीलमला.

कलम आठवे. शेजारी मनोज ढोकणे. दुसरीत माझ्या वर्गात होता, अक्षर तेव्हाही वाईट होते. मी पदरात गाठोडे घेऊन त्या उन्हात आले, तेव्हा हा गल्लीच्या तोंडाशी हात आडवा करून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ते इकडे आनू नका. घरात लेकरं आहेत." मी त्याच्या हाताखालून वाकून आले. त्याला मी क्षमा केलेली नाही. त्याच्या भिंतीवर जाणारी कडुलिंबाची फांदी कोणी तोडू नये, सावली त्याच्याच अंगणात पडते. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यालाच बोलावले आहे. ज्याला माझ्याकडून काही मिळायचे नाही आणि जो माझ्या बाजूचा नाही, त्याच्या साक्षीवर किशोरलाही बोट ठेवता येणार नाही.

कलम नववे. हे सर्व मी आजच का लिहिते.

पाहुणा गेल्यावर घर फार शांत झाले. मला त्या पावलाची इतकी सवय झाली होती की दिवेलागणीला मी उगाच ओट्यावर जाऊन बसायची. आठवड्यापूर्वी अशीच बसले होते. फाटकाची कडी वाजली. तीनदा. मग कोणीतरी खाकरले.

मी म्हटले, "बसते. या आता."

कोणी आले नाही. थोड्या वेळाने नीलमचा फोन आला. "बाई, आज आमच्याकडे कडी वाजली नाही. आई तेव्हाची फाटकात उभी आहे. म्हणते, अकोल्याले फोन लाव."

तेव्हापासून रोज तिकडे वाजत नाही आणि इकडे वाजते. ते आत येत नाहीत. मी फाटकापर्यंत जाऊन पाहिले, कडीला हात लावून पाहिला. लोखंड गरम असते. त्यांचे राहणे आता तिकडे आहे, घर तिकडे झाले आहे. इथे ते राहायला आलेले नाहीत. मला न्यायला आले आहेत आणि माझे आवरायची वाट पाहत उभे आहेत. लग्नात जायचे असले तरी असेच उभे राहायचे.

मला भीती वाटत नाही असे लिहिले तर खोटे होईल. पण चार वर्षे मी ज्याची वाट पाहिली तो दाराशी आला आहे आणि माझे एवढे लिहून झाले की मी मोकळी आहे.

दिवे लागले आहेत. दोघे साक्षीदार समोर बसले आहेत. आत्ता कडी वाजली. दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना सांगितले, सह्या करा, ते थांबतील.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांदेखत सही करते.

(सही) गोदावरी खुशालराव बोंडे

साक्षीदार १ : डॉ. गीतांजली राऊत, अकोला. मी बाईंना आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, नाडी व रक्तदाब ठीक आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली. कडी मीही ऐकली, परंतु हा वैद्यकीय अभिप्राय समजू नये. (सही)

साक्षीदार २ : मनोज वसंतराव ढोकणे, जुने शहर, अकोला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही झाल्यावर बाई म्हणाल्या, मनोज, आता फाटकाची कडी काढ. मी गेलो. बाहेर कोणी नव्हतं. कडी गरम होती. मी काढली आणि बाजूला झालो. या वेळेस हात आडवा केला नाही. (सही)

स्थळ : जुने शहर, अकोला
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५